बॅकलॅश बरोबर आला तरी पिनियन चुकलेले असू शकते

ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये नवा क्राउन (चाकांकडे जोर नेणारे मोठे दातेरी चक्र) आणि नवे टेल पिनियन (इंजिनाकडून येणारा जोर क्राउनला देणारे छोटे दातेरी चक्र) बसवायचे म्हटले, की आपल्याकडच्या अनेक गॅरेजांत सगळे लक्ष बॅकलॅशवर, म्हणजे दोघांच्या दातांमधील फटीवर, एकवटते. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) लावले जाते, ॲडजस्टिंग नट इकडून सैल आणि तिकडून घट्ट केले जातात, काटा हव्या त्या आकड्यावर आला की झाकण बसते आणि गाडी बाहेर पडते. पिनियनखालच्या शिमांना (त्याची जागा ठरवणाऱ्या पातळ पत्र्यांना) मात्र कोणी हात लावत नाही. जुन्या निघाल्या त्याच परत जातात. काही दिवसांनी तोच ड्रायव्हर परत येतो आणि म्हणतो, ‘मिस्त्री, चढाला गप्प असते, पण उताराला रडते.’ त्या वेळी दोष क्राउनच्या कंपनीला दिला जातो, तेलाला दिला जातो, जास्तीच्या मालाला दिला जातो. माझ्या अनुभवात खरे कारण बहुतेक वेळा पिनियनच्या खोलीत, म्हणजे ते क्राउनच्या किती जवळ किंवा लांब बसले आहे त्यात, असते आणि बॅकलॅशचा आकडा ते कारण दाखवूच शकत नाही. हे असे का होते, ते या कामात असलेल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

आधी भूमितीचा भाग पाहू. एका जोडीत पिनियनला ६ आणि क्राउनला ४१ दात आहेत असे धरा, गुणोत्तर ६.८३ येते. इतके मोठे गुणोत्तर असले, की पिनियनचा शंकू अगदी लांबट आणि क्राउनचा शंकू जवळजवळ सपाट असतो. त्यामुळे क्राउन आपल्या अक्षावर थोडा जरी सरकला, तरी दातांमधील फट लगेच कमी-जास्त होते. पिनियन आपल्या अक्षावर तेवढेच सरकले, तर फटीवर होणारा परिणाम साधारणपणे त्याच्या सातव्या भागाइतकाच असतो. पिनियन ०.२० मि.मी. चुकीच्या जागी बसले आहे असे समजा. बॅकलॅशमध्ये त्याची खूण जेमतेम एवढीच दिसेल, जणू क्राउन ०.०३ मि.मी. सरकला आहे. एवढा फरक क्राउनच्या स्वतःच्या लचकेत (फिरताना होणाऱ्या डगमगीत) आणि डायल गेज धरण्याच्या पद्धतीत सहज लपून जातो. शिवाय जी थोडी फट बदलते, ती आपण ॲडजस्टिंग नट फिरवून भरून काढतो, म्हणजे चूक सुधारण्याऐवजी झाकतो. दात मात्र ०.२० मि.मी. चुकलेल्या जागीच एकमेकांवर घासत राहतात. म्हणूनच क्रम असा हवा: पहिल्यांदा पिनियनची खोली, मग पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड (ढिलाई राहू नये म्हणून आधीच दिलेला ताण), त्यानंतर बॅकलॅश आणि बाजूच्या बेअरिंगांचा प्रीलोड, आणि सर्वांत शेवटी रंग लावून दातांवरचा ठसा, म्हणजे दात एकमेकांना कुठे टेकतात त्याची खूण.

खोली ठरवण्याची सुरुवात पिनियनच्या तोंडावर कोरलेल्या आकड्यापासून होते. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून एकमेकांशी जुळवलेले असतात, दोघांवर एकच जोडी-क्रमांक असतो आणि म्हणूनच एकाचा क्राउन दुसऱ्याच्या पिनियनशी कधीही लावू नये. त्या क्रमांकाशेजारी अधिक किंवा उणे चिन्हाचा एक आकडा असतो: हे पिनियन आदर्श अंतरापेक्षा किती लांब किंवा किती जवळ बसवल्यावर उत्तम चालते, ते तो सांगतो. अनेक जड ट्रकांत पिनियन वेगळ्या केजमध्ये (पिनियन आणि त्याची बेअरिंग धरणाऱ्या घरात) असते आणि शिमा केज व कॅरिअर (सगळी जोडी धरणारा सांगाडा) यांच्यामध्ये बसतात. अशा ठिकाणी शिमा वाढवल्या की पिनियन क्राउनपासून दूर जाते. ज्या ॲक्सलमध्ये शिमा पिनियनच्या डोक्यामागे बेअरिंगखाली असतात, तिथे नेमके उलटे घडते. हा फरक लक्षात न घेता ‘शिम टाकली की पिनियन आत जाते’ असा एकच नियम पाठ करून ठेवल्यामुळे किती तरी जोड्या वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

केजच्या पद्धतीचे एक उदाहरण देतो. जुना शिमांचा संच ०.७५ मि.मी. जाडीचा होता आणि जुन्या पिनियनवर +०.०५ असा आकडा होता, तर मूळचा संच ०.७० मि.मी. ठरतो. नव्या पिनियनवर −०.१० आहे, म्हणजे नवा संच ०.६० मि.मी. हवा. जुन्या शिमा तशाच ठेवल्या असत्या, तर पिनियन ०.१५ मि.मी. बाहेर राहिले असते, आणि वर सांगितल्याप्रमाणे बॅकलॅशने त्याची चाहूलही लागू दिली नसती. आकड्याचे एककही तपासावे. नुसते +५ लिहिलेले असेल, तर ते मिलिमीटरचे शतांश आहेत की इंचाचे सहस्रांश, यावर ०.०५ आणि ०.१२७ मि.मी. एवढा फरक पडतो. शिमा मोजताना प्रत्येक पत्रा मायक्रोमीटरने वेगळा मोजावा, कारण वाकलेल्या किंवा तेल-माती लागलेल्या पत्र्यांचा गठ्ठा एकत्र मोजला तर आकडा खोटा येतो.

पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड हा दुसरा दुर्लक्षित भाग आहे. गाडी चढावर जोर लावते तेव्हा दातांचा तिरपेपणा पिनियनला क्राउनपासून बाहेर ढकलतो. उतारावर गिअरमध्ये उतरताना तेच पिनियन आत ओढले जाते. बेअरिंगमध्ये किंचितही ढिलाई असली, तर प्रत्येक चढ-उताराला पिनियनची खोली बदलत राहते आणि आपण मेहनतीने ठरवलेल्या शिमांना काही अर्थ उरत नाही. जड ट्रकांत हा प्रीलोड दोन बेअरिंगांमधल्या कठीण स्पेसरच्या (अंतर राखणाऱ्या कड्याच्या) जाडीने ठरतो: जाड स्पेसर टाकला की प्रीलोड कमी होतो, पातळ टाकला की वाढतो. नट हाताच्या अंदाजाने सैल ठेवून प्रीलोड ‘जमवणे’ हा मार्गच नव्हे, कारण पुस्तकात दिलेल्या पूर्ण टॉर्कने नट आवळल्यावर येतो तोच खरा प्रीलोड. मोजायची पद्धत साधी आहे. तेलाची सील न बसवता केजभोवती दोरी गुंडाळावी, तिच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावावा आणि केज एकसारखी फिरत असताना ओढ वाचावी. फिरायला सुरुवात होतानाचा झटका मोजू नये. केजची त्रिज्या ७.५ सें.मी. आणि ओढ २ किलो असेल, तर १५ किलो-सें.मी., म्हणजे साधारण १.५ न्यूटन-मीटर. तुमच्या ॲक्सलसाठी किती हवा ते त्याच्या पुस्तकातच पाहावे, कारण नव्या आणि वापरलेल्या बेअरिंगांसाठी आकडे वेगवेगळे असतात.

क्राउन डिफरन्शियलच्या (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाच्या) केसवर चढवताना तो गॅसच्या ज्योतीने तापवण्याची सवय मला फार खटकते. दातांचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो आणि ज्योतीखाली कुठे किती तापमान पोहोचले हे कोणालाच कळत नाही. तो कठीणपणा एकदा गेला की पुन्हा आणता येत नाही. पाण्याच्या टाकीत ७० ते ८० अंश सेल्सिअसला दहा मिनिटे ठेवलेला क्राउन हाताने अलगद बसतो. जुन्या पद्धतीचे रिव्हेट असतील, तर त्यांची डोकी छिन्नीने उडवू नयेत, ड्रिल करून काढावीत, म्हणजे केसची भोके बिघडत नाहीत. बसवल्यानंतर क्राउनच्या पाठीवर डायल गेज लावून तो एक पूर्ण फेरा फिरवावा. लचक ०.२० मि.मी.पेक्षा जास्त आली, तर पुढचे कोणतेही मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. क्राउन उतरवून बसण्याची जागा साफ करावी आणि केस तपासावी. बाजूच्या बेअरिंगांच्या कॅप कॅरिअरसोबतच भोक पाडून घडवलेल्या असतात, त्यामुळे डाव्या-उजव्या खुणा करूनच त्या काढाव्यात.

बॅकलॅश बऱ्याच जड ट्रकांत साधारण ०.२० ते ०.४५ मि.मी.च्या दरम्यान ठेवतात. डायल गेजची सुई दाताच्या बाहेरच्या टोकाशी दाताला काटकोनात टेकलेली हवी, पिनियन घट्ट धरलेले हवे आणि क्राउनवर तीन-चार ठिकाणी वाचन घ्यायला हवे. एका बाजूचा नट जितक्या खाचा सैल केला, तितक्याच खाचा दुसऱ्या बाजूचा घट्ट केला, की क्राउन सरकतो पण बेअरिंगांचा प्रीलोड जसाच्या तसा राहतो.

आता रंगाच्या ठशाकडे येतो, कारण पिनियनच्या खोलीवर शेवटचा निकाल तोच देतो. जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून लावत. त्यात शिसे असते, म्हणून आता पिवळे किंवा निळे मार्किंग कंपाउंड वापरणेच बरे. क्राउनच्या लागोपाठच्या दहा-बारा दातांवर दोन्ही बाजूंना पातळ थर द्यावा, क्राउनला लाकडी फळीने थोडा अडसर द्यावा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवावे. दाताची फुगीर बाजू चढावर ओढताना काम करते आणि खोलगट बाजू उतारावर. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर यावा आणि हाताने फिरवताना तो आतल्या (क्राउनच्या मध्याकडच्या) टोकाकडे किंचित झुकलेला असावा, कारण मालाचा भार आल्यावर तो बाहेरच्या टोकाकडे पसरतो.

ठसा चुकला तर नेमके काय सरकवायचे, हे दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही. ठसा दोन्ही बाजूंवर एकाच टोकाकडे गेला असेल, तर क्राउनची जागा चुकली आहे. क्राउन पिनियनच्या जास्त जवळ असेल तर ठसा आतल्या टोकाकडे जातो, लांब असेल तर बाहेरच्या टोकाकडे. पण पिनियन गरजेपेक्षा आत गेले असेल, तर दोन्ही बाजूंवर ठसा दाताच्या बुडाशी उतरतो, आणि लांबीच्या दिशेने मात्र फुगीर बाजूवर आतल्या टोकाकडे व खोलगट बाजूवर बाहेरच्या टोकाकडे, असा परस्परविरुद्ध सरकतो. पिनियन बाहेर राहिले असेल, तर ठसा माथ्याकडे चढतो आणि टोकेही उलटी होतात. फक्त फुगीर बाजू पाहणाऱ्याला आतल्या टोकाकडे गेलेला ठसा क्राउनचा दोष वाटतो. तो क्राउन मागे घेतो, फुगीर बाजूचा ठसा मध्याकडे येतो आणि खोलगट बाजूचा आधीच बाहेर गेलेला ठसा दाताच्या काठावर जाऊन बसतो. गाडी चढाला गप्प आणि उताराला रडते, ती अशी.

सपाट मुलखात ही चूक बराच काळ खपूनही जाते. आपल्याकडे मात्र खंबाटकी, कसारा, करूळ, आंबोली हे घाट उतरताना भरलेला ट्रक गिअरमध्ये आणि एक्झॉस्ट ब्रेकवर धरून ठेवावा लागतो, आणि त्या सगळ्या वेळात दातांच्या खोलगट बाजूवर भार असतो. चार टायरांच्या एका ॲक्सलवरचा कायदेशीर भार २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेला, त्यामुळे हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा झाला. किती ताकदीची ही गोष्ट आहे, त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ७ आणि क्राउनचे ६.८३ धरले, तर घर्षणातले नुकसान वगळता क्राउनवर सुमारे १९,००० न्यूटन-मीटर येतात, आणि ते एका वेळी मोजक्याच दातांच्या जोड्या पेलतात. ठसा काठावर असेल, तर तेवढी ताकद दाताच्या कोपऱ्यावर पडते आणि तो कोपरा तुटतो.

वापरलेली जोडी परत बसवायची असेल, तर मात्र पुस्तकी मध्याचा आग्रह धरू नये. तिच्या दातांवर आधीच एक घासलेला पट्टा तयार झालेला असतो. हाताने घेतलेला ठसा त्या पट्ट्यात बसला पाहिजे. जुन्या दातांना नवी जागा शोधून दिली, तर आवाज हमखास येतो.

ज्या ॲक्सलमध्ये क्राउनच्या पाठीमागे थ्रस्ट स्क्रू असतो, तिथे तो क्राउनला टेकेपर्यंत फिरवून साधारण अर्धा फेरा मागे घ्यावा आणि चेकनट आवळावा. भाराखाली क्राउन पाठीमागे वाकला, तर त्याला तेवढ्यावर अडवण्याचे काम तो करतो. तेल हायपॉइड प्रकारच्या जोडीसाठी जीएल-५ (जास्त दाब सोसणाऱ्या गिअर तेलाच्या) दर्जाचेच हवे. हायपॉइडमध्ये पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यरेषेला छेदत नाही, दात एकमेकांवर लांबीच्या दिशेने जोराने घसरतात आणि जीएल-४ची फिल्म त्या दाबाखाली टिकत नाही. हाउसिंगचा ब्रीदर (हवा जाण्याचे छिद्र) उघडा आहे ना, तेही पाहावे, नाहीतर आत साचलेला दाब नव्या सीलमधूनच तेल बाहेर काढतो.

गाडी देताना मी मालकाला सुरुवातीच्या फेऱ्या हलक्या भाराने करायला आणि मधे थांबून हाउसिंग किती तापते ते पाहायला सांगतो. नवे दात एकमेकांवर बसेपर्यंत ते थोडे जास्त तापतेच. पिनियनच्या बेअरिंगजवळ मात्र हात ठेवता येत नसेल, तर प्रीलोड पुन्हा मोजावा लागतो. पहिले तेल लवकर बदलावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक काळी भुकटी असेल तर काळजीचे कारण नाही. चमकदार कण किंवा पापुद्रे दिसले तर झाकण उघडून दोन्ही बाजूंचा ठसा पुन्हा घ्यावा.