माघ वारी, वीणा आणि घरचा पहारा

आमच्या गावची दिंडी आषाढीला निघत नाही, माघात निघते. कारण साधं आहे, आषाढात बेळगावच्या पश्चिम भागात धो धो पाऊस आणि भाताची कामं, शेत टाकून कोण जाणार, विठोबासुद्धा म्हणेल आधी रोप लाव मग ये. माघात कसं, भात मळून घरात आलेलं असतं, शेतात मसूर-वाटाणा असतो पण त्याच्याजवळ रोज माणूस उभा रहायला लागत नाही. म्हणून माघ शुद्ध एकादशी. आषाढी, कार्तिकी, चैत्री, माघी अशा चार वाऱ्या, त्यातली टीव्हीवर फारशी न दिसणारी ही.

पण मी काय शेतात राबत नाही. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते आणि माझ्यासाठी माघ म्हणजे सगळ्यात वाईट महिना. जीएसटीची दोन रिटर्न, 11 तारखेला जीएसटीआर-वन आणि 20 ला थ्री-बी, मार्च एंडची बोंब आत्तापासूनच सुरू, मुलाची एसएसएलसी म्हणजे दहावी तोंडावर, आणि सासूबाईंचं सोमवार-गुरुवार डायलिसिस. रात्री अकराला भांडी घासताना डोक्यात कुठल्यातरी पार्टीचं पेंडिंग पेमेंट फिरत असायचं आणि सकाळी उठताना वाटायचं आपण झोपलोच नाही. लोक म्हणायचे तू सगळं किती छान सांभाळतेस, तेव्हा तर जास्तच राग यायचा.

वारी सासऱ्यांच्या वडिलांपासून घरात चालत आलेली. सासरे गेल्यावर सासूबाई चालायच्या, त्यांची किडनी गेल्यावर प्रश्न आला कोण जाणार. नवऱ्याची शिफ्ट. दीर म्हणाले मला चालवत नाही. सासूबाई मला म्हणाल्या, "तू जा गं, घरची वारी मोडाय नको." मी गेले ते भक्तीनं कमी आणि त्यांच्या शब्दाखातर जास्त, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात साहेबांनी विचारलं रिटर्न कोण भरणार, मी डिजिटल सिग्नेचरचा डोंगल त्यांच्याच हातात दिला आणि जूनियर पोराला सगळं लिहून देऊन आले.

काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर हा पहिला टप्पा सगळा हायवेच्या कडेकडेनं. ह्याला वारी म्हणायचं का असं वाटतं खरं तर, एका बाजूला ट्रकचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला टाळ. शिवाय कारखान्यांचा सीझन, उसाच्या डबल ट्रॉल्या कानडी गाणी मोठ्यानं लावून जवळनं जातात तेव्हा काळजात धस्स होतं, पण ड्रायव्हर पोरं दिंडी दिसली की आवाज बारीक करतात आणि स्टेअरिंगवरनंच हात जोडतात. पहाटे काकड्याला एवढी थंडी की तोंडातनं अभंगाबरोबर वाफ बाहेर येते. संकेश्वरला पाय सुजले आणि टाचेला फोड. माझ्या शेजारची म्हातारी, तिला सगळे आक्का म्हणतात, तिनं सुईत दोरा ओवला, सुई स्टोव्हवर धरली, फोडातनं आरपार काढली आणि दोरा तसाच आत सोडून गाठ मारली, म्हणजे पाणी हळूहळू गळतं आणि कातडं निघत नाही. डॉक्टर लोक हे वाचून रागावतील, रागावू देत, मी दुसऱ्या दिवशी चालले.

ही आक्का चिकोडीकडची, घरात कानडीच बोलतात. तिची हरिपाठाची वही बघून मी थक्क झाले, ज्ञानेश्वरांचे अभंग सगळे मराठीच, पण लिहिलेले कानडी अक्षरात. बाजारात मराठीत भाव करता येत नाही हिला आणि हरिपाठ मात्र न अडखळता, उलट मीच मधे विसरायचे आणि ती कोपरानं ढोसायची. आमच्याकडं बॉर्डरवर ह्याचं कुणाला काही वाटत नाही, भांडणं करणारे वेगळे.

आता वीणेचं सांगते, कारण मला खरं तेच सांगायचंय. दिंडीत वीणा कधी जमिनीवर ठेवत नाहीत. टाळ-मृदंग थांबला, माणसं जेवायला बसली तरी कुणाच्या तरी गळ्यात ती असतेच. हे मला माहीत होतं, गावच्या सप्ताहात लहानपणापासून बघितलेलं, पण लांबनं बघितलेलं. ह्यावेळी तुळस घेऊन वीणेकऱ्यांच्या मागंच चालत होते म्हणून जवळनं दिसलं. एक जण साधारण तासभर घेतो, मग दुसरा पुढं येतो, आधीचा वीणा गळ्यातनं काढतो, दुसरा मान वाकवून घेतो, पट्टा खांद्यावर नीट बसवतो, आणि मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. देणारा घेणाऱ्याच्या आणि घेणारा देणाऱ्याच्या. वयाचा संबंध नाही, सत्तर वर्षांचे मामा कॉलेजच्या पोराच्या पाया पडतात. मग देणारा मागं येतो, पाणी पितो, बिडीसुद्धा ओढतो एखादा, आणि त्याला अजिबात अपराधी वाटत नाही.

मी हिशोबाची माणूस, मला आधी यादी बघायची असते. सप्ताहात पहाऱ्याची, म्हणजे वीणा घेऊन कुणी कधी उभं रहायचं त्याची, यादी देवळाच्या भिंतीला लावलेली असते, वार, वेळ, नाव. रात्री दोन ते चारसुद्धा नाव असतं. पुढचा उठला नाही तर आधीचा जागा सोडत नाही, पोराला पाठवतात उठवायला, तो डोळे चोळत येतो, शिव्या खातो आणि उभा राहतो. आठवडाभर वीणा खाली टेकत नाही, पण कुणा एकाचा जीव जात नाही त्याच्यात. मी मामांना विचारलं तुम्ही दमत नाही काय, तर म्हणाले, "दमतो की. दमल्यावर देतो."

एवढंच. पुढं काही कीर्तन नाही केलं त्यांनी.

अंकलीजवळ कृष्णेच्या पुलाच्या अलीकडं एका वस्तीवर दुपारचं जेवण असतं, दरवर्षीचं ठरलेलं घर. "बर्री, ऊटा माड्री", म्हणजे या, जेवा, म्हणत आत नेतात, कडक भाकरी, भरली वांगी, शेंगा चटणी, वर ताक. त्यांच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर अजून रेघ दिसते, 2019 च्या महापुराची. मागची खोली पडली होती त्यावेळी, तरी पुढच्या माघात ताडपत्री बांधून दिंडीला जेवण घातलं म्हणे. मी त्या बाईंना विचारलं कसं जमलं, त्यांनी हसून शेजारणींकडं बोट दाखवलं, भाकऱ्या आठ घरातनं आल्या होत्या.

आणि इकडं माझ्या घरी काय चाललेलं. कागवाडच्या अलीकडं फोन आला, गुरुवार होता, सासूबाईंना दीर घेऊन गेले होते, प्रेमानं डायलिसिसनंतर शहाळं आणून दिलं. शहाळं! पोटॅशियम नको म्हणून केळं नाही, शहाळं नाही, पाणी मोजून, हे वर्षभर माझ्या डोक्यात फिट्ट आणि बाकी घरात कुणाला माहीतच नाही. सिस्टरनं वेळेत हातातनं काढून घेतलं म्हणून बरं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून दिरांना झाडलं, मागं दिंडी ज्ञानबा-तुकाराम करत पुढं निघालेली, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की वीणा कशी धरायची हे घेणाऱ्याला दाखवायला तर पाहिजे. त्या रात्री म्हैसाळच्या मुक्कामात आक्काच्या बॅटरीच्या उजेडात मी वहीच्या मागच्या पानावर यादी केली. सोमवार नवरा, गुरुवार दीर, महिन्याचा शेवटचा आठवडा नणंद, मुलगा रोज संध्याकाळी पाण्याचं माप लिहिणार. खाली काय चालतं काय नाही. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. कुणी लाइकसुद्धा केलं नाही तेव्हा.

मिरजेच्या पुढं कवठेमहांकाळला द्राक्षाच्या बागा, लोक घड हातात देतात, आणि नागज-जुनोनीनंतर रान कोरडं होत जातं, आमच्या हिरव्या डोळ्यांना ते उघडं माळरान सुरुवातीला भकास वाटतं, मग सांगोल्याला डाळिंबं दिसतात आणि वाटतं इथंही माणसं काहीतरी पिकवतातच. तिथनं पंढरपूर जवळ, पाय आपोआप चालतात, त्याबद्दल सगळेच लिहितात, मी नाही लिहीत.

दर्शनाचं म्हणाल तर क्षणभर. पण मला देवळातला तो चौऱ्याऐंशीचा शिलालेख फार आवडला, ज्याला लोक चौऱ्याऐंशी लक्ष फेरे चुकावे म्हणून पाठ घासतात. तो काय आहे माहितीये? 1273 ते 1277 मधली देणगीदारांची यादी आहे, राजा रामदेवरायापासून साध्या भक्तापर्यंत कुणी किती दिलं. म्हणजे माझ्यासारख्याच कुणीतरी बसून लिहिलेला हिशोब, त्याला साडेसातशे वर्षं लोक नमस्कार करतात. अकाउंट्सवाल्यांनी जरूर बघावा.

येताना मिरजेपर्यंत महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना हाफ तिकीट आणि कागवाडातनं पुढं कर्नाटकच्या बसला आधार कार्ड दाखवून फुकट, असा परतीचा प्रवास अगदी स्वस्तात झाला.

घरी आल्यावर यादी फ्रिजवर लावली. थ्री-बी वेळेत गेला होता, एक इनव्हॉइस डबल पडलेलं, ते सुधारलं. सासूबाईंनी पाय चेपून देऊ काय म्हणून विचारलं, मी नको म्हटलं तर रागावल्या, म्हणाल्या वारीवाल्याचे पाय चेपायला पुण्य लागतं, मग चेपू दिले. दीर गुरुवारी अजूनही दहा-पंधरा मिनिटं उशिरा येतात, मी गेटपर्यंत जाऊन थांबते, ते आले की फाईल त्यांच्या हातात देते. परवा मस्करीत वाकायला लागले, म्हटलं भावोजी, आधी गाडी स्टॅंडला लावा, डायलिसिसला वेळ झालाय.