सीआरजीओ पत्रा, नोंद 3: सर्वात अवघड दिशा 90 नव्हे, 55 अंश

मंडळी, सीआरजीओ म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या कोअरसाठीचं, थंड रोलिंग करून कणांना एक दिशा दिलेलं पोलाद. ते कोणत्या दिशेने चुंबकित करणं सर्वात अवघड, हे बघणारी तिरक्या पट्ट्यांची चाचणी या रविवारी एकदाची पार पडली. अंश सगळे रोलिंगच्या दिशेपासून मोजलेले.

पत्रा 0.27 मिमीचा, कोअर कापणाऱ्या वर्कशॉपमधून आणलेला रुंद तुकडा. फ्रेम एप्स्टाइन पद्धतीची, म्हणजे पट्ट्यांचा चौकोन आणि त्याभोवती वायरचे वेढे: 30 मिमी रुंदीच्या पट्ट्या, बाजूला चार-चार, प्रायमरी आणि सेकंडरी प्रत्येकी 700 वेढे. या हिशेबाने 50 हर्ट्झला सेकंडरीवर साडेसहा व्होल्ट आले की पत्र्यातली चुंबकीय फ्लक्स घनता 1.3 टेस्ला.

मागच्या खेपेला 0 अंशाच्या पट्ट्यांनीच निराश केलं होतं. दोष पत्र्याचा नव्हता. शिअरने (पत्रा कापायच्या यंत्राने) कापताना कडांना बसलेला ताण आत तसाच राहिला होता. नायट्रोजनच्या भट्टीत 800 अंशांच्या आसपास तापवून आणल्यावर त्याच पट्ट्यांना लागणारा प्रायमरीचा करंट झपकन उतरला.

मग 90 अंश. करंट कितीतरी पट वाढला, हे अपेक्षितच होतं. पण 55 अंशाच्या पट्ट्या भरून व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरिअ‍ॅक फिरवला, तर साडेसहा व्होल्टांपर्यंत पोचायच्या आधीच मीटरची मिलिअँपिअर रेंज संपली! स्कोपवर करंटची टोकं सुयांसारखी. फ्रेमची गुणगुणही वेगळी, जरा खरखरीत.

कारण स्फटिकात आहे. लोखंडाचा स्फटिक घनाकार. घनाच्या कडेच्या दिशेने तो सहज चुंबकित होतो, आरपार कर्णाच्या दिशेने सर्वात कष्टाने. नॉर्मन गॉस यांच्या 1934 च्या पेटंटमधल्या पद्धतीने, थंड रोलिंग आणि तापवणं आलटून पालटून केलं, की पत्र्यातल्या स्फटिक-कणांच्या घनाची एक कड रोलिंगच्या दिशेत येते. मात्र घन पत्र्यात पालथा बसत नाही, कडेवर उभा राहतो. त्यामुळे 90 अंशाला घनाच्या एका बाजूचा कर्ण येतो आणि आरपार कर्ण येतो 54.7 अंशांना. या पोलादाची संपृक्तता, म्हणजे चुंबकनाची कमाल मर्यादा, साधारण 2.03 टेस्ला. तिला √3 ने भागलं की 1.17 (55 अंशासाठी), √2 ने भागलं की 1.43 (90 अंशासाठी). तिथपर्यंत डोमेनच्या (एकाच दिशेने चुंबकित असलेल्या छोट्या भागांच्या) भिंती सरकून काम भागतं, पुढे चुंबकनच सोप्या दिशेपासून वळवावं लागतं. 1.3 टेस्ला नेमका या दोन आकड्यांच्या मधे पडतो. पडताळा म्हणून 5 व्होल्टांवर, म्हणजे 1 टेस्लाला, उतरलो: 55 आणि 90 जवळजवळ बरोबरीत आले. हा क्षण मला फार आवडला.

करून बघणाऱ्यांसाठी: तिरक्या पट्ट्या रचताना एकाआड एक उलटी ठेवा. सगळ्यांचा कल एकाच बाजूला राहिला तर फ्लक्स कडेतून बाहेर पडू पाहतो आणि आकडे बदलतात.

आता 20 आणि 70 अंशाच्या पट्ट्या भट्टीत गेल्या आहेत.