भुकेची बाटली मागण्याआधी

"भूक लागायची एखादी चांगली बाटली द्या की ओ." मंगळवार पेठेतल्या माझ्या औषधाच्या दुकानात हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर येतं. कुणी स्वतःसाठी मागतं, कुणी सासऱ्यांसाठी, कुणी नातवासाठी. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं : "दोन घासांत पोट गच्च होतंय बघा. अन्नावर वासनाच न्हाई." बाटली काढायच्या आधी मी चार गोष्टी विचारतो, त्याचा काहींना राग येतो. परवा एका काकींनी सरळच विचारलं, "बाटली द्यायची सोडून एवढं इचारत का बसता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, काकी.

भुकेच्या बाटल्या मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एकीत पचनाला मदत करणारी एन्झाइम्स असतात. दुसरीत सायप्रोहेप्टाडिन. हे मुळात ॲलर्जीचं औषध. त्यानं भूक वाढते, हे खरं आहे. पण झोपही येते, तोंड कोरडं पडतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तर डोळ्याला धोका. आणि भूक का गेली, या प्रश्नाला या दोन्ही बाटल्या हातही लावत नाहीत.

हे मला आत्यामुळं कळलं. आत्या राधानगरीकडच्या गावात राहायची. दुकान काढून मला तीन-चार वर्षं झाली होती. "पोराचं दुकान हाय, डाक्टरला कशाला पैसे घालू," म्हणून ती माझ्याकडंच आली. मी दोन महिन्यांत तीन बाटल्या दिल्या. चतकोर भाकरी खाल्ली की ती ताट सारायची. घरात सगळे म्हणाले, साठी उलटली, आता एवढंच जेवण जायचं. पुढं कुणीतरी म्हणालं, आत्यानं अंग धरलंय. पोट वाढलं होतं, परकराची नाडी पुरेना. पण दंड सुकले होते. हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायच्या. पोट वाढतंय आणि हात वाळतायत, हे आम्ही सगळे रोज बघत होतो, पण दोन्हींचा मेळ कुणीच घातला नाही. लघवीला सारखं जावं लागायचं, तेही वयावर ढकललं. सोनोग्राफी झाली तेव्हा बीजांडकोशाचा कॅन्सर पसरलेला होता आणि पोटात पाणी साठलं होतं. जठराला फुगायला जागाच नव्हती, म्हणून दोन घासांत पोट भरत होतं. आधी कळलं असतं तर किती फरक पडला असता, ते कुणी सांगू शकलं नाही. पण ते दोन महिने माझ्या हातून गेले.

म्हणून पन्नाशीच्या पुढची बाई "हल्ली लगेच पोट भरतंय" म्हणाली, की मी आधी विचारतो : पोट फुगल्यासारखं वाटतं का, ओटीपोट दुखतं का, लघवीला वरचेवर जावं लागतं का? यातलं काही नव्यानं सुरू झालं असेल आणि दोन-तीन आठवडे मागं लागलं असेल, तर गॅस म्हणून घरी बसू नका. बहुतेकींना कॅन्सर नसतो. पण सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या झाल्याशिवाय ते ठरवायचं कसं?

आता पोटाचं काम कसं चालतं ते सांगतो. आपण जेवायला बसलो की जठराचा वरचा भाग सैल पडतो, त्यामुळं लिटरभर जेवण त्यात ताण न पडता मावतं. खालचा भाग ते घुसळतो, दळतो. एक-दोन मिलिमीटरइतके बारीक कण झाले की मगच ते पुढं आतड्यात जातात. भाकरी-भाजीचं जेवण पुरतं खाली उतरायला चारेक तास लागतात, तेल-तूप जास्त असेल तर आणखी उशीर. रविवारी दुपारी मटण आणि तांबडा-पांढरा भरपेट झाल्यावर रात्री ताटाकडं बघवत नाही, तो आजार नव्हे.

वरचा भाग सैल पडला नाही, तर पहिल्या घासांनाच पोट तुंबतं. दुर्बिणीनं बघितलं तर आत सगळं स्वच्छ, आणि माणूस मात्र जेवू शकत नाही. अशा माणसाला घरचे "तुझ्या मनाचे खेळ" म्हणतात, ते मला फार लागतं. दुर्बीण जठराचं अस्तर दाखवते. ते सैल पडतं की नाही, हे तिला दिसत नाही. या त्रासाला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात, तो खरा आहे आणि त्यावर उपचार आहेत. काहींच्या बाबतीत या त्रासामागं जठरात घर करून बसलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. पुष्कळशा अल्सरचं मूळ या जंतूत आहे हे दाखवणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांना 2005 मध्ये नोबेल मिळालं. दोन आठवड्यांच्या औषधांनी तो बहुतेकांचा जातो, फक्त गोळ्यांचा डोस अर्धवट सोडायचा नाही.

खालचा भाग ढिला पडला, तर सकाळचं जेवण संध्याकाळपर्यंत तिथंच. जुनी शुगर असलेल्यांना याबद्दल मी मुद्दाम सांगतो. अनेक वर्षांच्या मधुमेहानं जठराला हलवणारी नस कमजोर होते. इन्सुलिन ठरल्या वेळी टोचलं जातं, पण जेवण जठरातच अडकलेलं. मग आधी शुगर उतरून घाम फुटतो आणि नंतर ती एकदम चढते. "कालचं जेवण आज उलटीत पडलं," असं कुणी सांगितलं तर ते तसंच्या तसं डॉक्टरांच्या कानावर घाला. "पचत नाही" एवढं म्हणून थांबलात, तर हे त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आणि भूकच न लागणं ही आणखी वेगळी गोष्ट. त्याचं कारण पुष्कळदा पोटाबाहेर असतं. कावीळ डोळ्यांत दिसायच्या आधी अन्नावरची वासना उडते. किडनी थकली की तोंड कडवट होतं, सकाळी मळमळतं. हृदय थकलेल्या माणसाला पायावर सूज आणि उताणं झोपल्यावर धाप लागते, त्याचंही जेवण तुटतं. संध्याकाळी कणकण, दोन आठवड्यांवर खोकला आणि उतरलेलं वजन म्हणजे टीबीची तपासणी; ती आणि पुढची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. थायरॉइड, रक्त कमी असणं, बद्धकोष्ठ हीसुद्धा कारणं. कधी तर नुसती कवळी टोचत असते. एक मामा बायको गेल्यापासून चहा-बटरवर दिवस काढत होते. त्यांना बाटलीचा काय उपयोग? उदासी हाही आजारच, आणि त्यात पुष्कळदा भूक जाते. शेजारच्या घरातून त्यांना दुपारचं ताट यायला लागलं, लेकीनं डॉक्टरांकडं नेलं, आणि हळूहळू ते जेवायला लागले.

माझ्या धंद्याचा भाग राहिला, औषधांचा. बाटली मागायला येणाऱ्याला मी सांगतो, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. काउंटरवर पट्ट्या मांडल्या की पुष्कळदा उत्तर समोरच असतं. शुगरचं मेटफॉर्मिन, डोस वाढवला की काही दिवस तरी भूक मारतं. वजनासाठी हल्ली आलेली सेमाग्लुटाइडसारखी औषधं जठर सावकाश रिकामं करतात, ते त्यांचं कामच आहे. दुखण्यावरचं ट्रामाडॉल, लोहाच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स यांनीही जेवण नकोसं होतं. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याची भूक अचानक गेली, मळमळायला लागलं, तर ते औषध रक्तात जास्त झाल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. गुडघ्यासाठी मनानं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या जठराला जखम करतात, आणि वर मनानंच रोज ॲसिडिटीची गोळी घेतली की तक्रार दबू शकते, आणि जखम लक्षात यायला उशीर होतो. मात्र यातलं काहीही स्वतःहून बंद करू नका. पट्ट्या घेऊन लिहून देणाऱ्याकडं जा.

पोरांच्या आयांना एकच विचारतो, दूध किती? आपल्याकडं दुधाला कमी नाही, आणि पोराला दूध पाजणं म्हणजे माया. पण तीन वर्षांचं लेकरू दिवसाला लिटरभर दूध पीत असेल, मधे बिस्किटं असतील, तर भाकरीला पोटात जागा कुठली? शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतं. रक्त कमी होतं, त्यानं भूक आणखी मरते.

थांबायचंच नाही अशा गोष्टी : घास छातीत अडकणं, रक्ताची किंवा वारंवार उलटी, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळीनंही शी काळी होते, म्हणून गोळ्या सांगायच्या), आणि प्रयत्न न करता उतरलेलं वजन. सहा-बारा महिन्यांत वजनाचा विसावा भाग गेला, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो, तर कारण शोधायलाच हवं. साठीनंतर पहिल्यांदाच लवकर पोट भरायला लागलं, तर दुर्बिणीची तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

पण वजन उतरलं हे कळणार कसं? निम्म्या लोकांना आपलं आधीचं वजन सांगता येत नाही. आत्याचं वजन आम्ही कधी केलंच नव्हतं. म्हणून दुकानाच्या दाराशी मी काटा ठेवलाय, पैसे पडत नाहीत. काकी, चप्पल काढून उभ्या राहा. आकडा चिठ्ठीवर लिहून देतो, तारीख घालून. पंधरा दिवसांनी ती चिठ्ठी घेऊन परत या.