कांदाटी खोऱ्यात जाताय? आधी लाँचचं बघा, मग बाकीचं

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या बॅकवॉटरपलीकडच्या ह्या खोऱ्यातल्या गावांना जायचं असेल तर मॅपवर किलोमीटर मोजत बसू नका, समोर हाकेच्या अंतरावर गाव दिसतं पण मधे शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय आहे, आणि तिथे सगळा हिशोब लाँच कधी सुटते त्यावर चालतो. आम्ही मित्राच्या गावी गेलो होतो, साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, पुढे पाण्यातून.

सातारा स्टँडवर बामणोलीची एसटी विचारा, वेळ चौकशी खिडकीवरच कन्फर्म करा, नेटवरच्या टाइमटेबलवर जाऊ नका. अंतर चाळीसेक किमी असेल पण घाटरस्ता आहे, वेळ हातात ठेवूनच निघा. बायकांना हाफ तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट, आधारकार्ड जवळ असू द्या. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी कासच्या फुलांची गर्दी असते, तेव्हा जाऊच नका, एसटी त्यात अडकली की पुढची लाँच गेलीच समजा.

बामणोलीत टुरिस्ट बोटीचे पैसे अख्ख्या बोटीचे घेतात, माणशी नाही, म्हणून दोघंच असाल तर थोडं थांबून कोणी सोबत मिळतंय का बघा. गाववाल्यांच्या लाँचमधे जागा मिळाली तर उत्तम, पण बाजाराचा दिवस असेल तर आधी त्यांना चढू द्या राव, पिठाची पोती आणि गॅसची टाकी घेऊन ती माणसं घरी चाललेली असतात, आपण फिरायला आलोय. लाइफ जॅकेट मागून घ्या, स्वतःहून कोणी देत नाही.

गावात पोचल्यावर मित्राच्या आजीला विचारलं, गावात माणसं किती? तर म्हणाली, "कवाची इचारतोस? गणपतीतली का आत्ताची?" ह्याच्यापुढे काय बोलणार! घरं बरीच, पण निम्म्याहून जास्त कुलपं. तरणी माणसं मुंबई, नवी मुंबईला, जावळी-पाटणकडची कितीतरी घरं पिढ्यानपिढ्या माथाडी कामावर चाललीत. मागची जनगणना २०११ ची, त्यात गाव किती दाखवलंय ते सोडा, जेवायला ताटं किती लागतात ते महिन्यामहिन्याला बदलतं. साठच्या दशकात धरण झालं, खालची शेतं आणि जुन्या वाटा पाण्यात गेल्या, कित्येक कुटुंबं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे उठून गेली. जी राहिली ती डोंगरात वर सरकली आणि तेव्हापासून पलीकडे जायला होडी. जावळीतल्या खिरखंडीच्या पोरी स्वतः होडी वल्हवत शाळेला जायच्या, पेपरात आलं तेव्हा कुठे २०२२ मधे मुंबई हायकोर्टाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आणि एकनाथ शिंदेंचं दरे गाव ह्याच खोऱ्यात, तिथे हेलिकॉप्टर उतरतं. असो.

गावं रिकामी का झाली, माझं मत विचाराल तर लोक आधी गेले की लाँचच्या फेऱ्या आधी कमी झाल्या ह्यावर भांडून उपयोग नाही, दोन्ही एकमेकांना ओढत नेतात. पोरगं शाळेला, म्हातारं दवाखान्यात वेळेत पोचत नाही म्हटल्यावर कोण राहील?

आता जाणाऱ्यांसाठी. कॅश न्या, रेंज जाते-येते, यूपीआयच्या भरवशावर राहू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या ठेवा, रात्री काही झालं तर बोट मिळेलच असं नाही. मे महिन्यात पाणी पार खाली गेलेलं असतं, धक्का सोडून चिखलातून चालावं लागतं, जुन्या चपला बऱ्या. पावसाळ्यात वारा सुटला की लाँच थांबते, तेव्हा पाहुणे म्हणून जाऊच नये. वासोटा जोडून करायचा असेल तर वनखात्याची परवानगी बामणोलीतच काढा, किल्ल्यावर मुक्काम करता येत नाही आणि पावसात बंदच असतो. आणि ज्यांच्या घरी उतरणार त्यांना आदल्या दिवशी फोन करून विचारा, येताना काय आणू? आम्हाला कांदे-बटाटे आणि टॉर्चचे सेल सांगितले होते.