जेट्टीमधे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, रावेरच्या केळीच्या काट्यासाठी

रावेरला एका केळी व्यापाऱ्यासाठी छोटं ॲप चालवतोय, काट्याजवळच्या लिनक्स पीसीवर जावा, त्यात एम्बेडेड जेट्टी १० (ॲपच्या आतच चालणारा वेब सर्व्हर), आणि माणसं मोबाईलच्या ब्राउजरमधून वजन नि मालाचे फोटो टाकतात. सगळं आतल्या वायफायवरच आहे तर एचटीटीपीएस (म्हणजे डेटा एन्क्रिप्ट करून पाठवणं) कशाला, असं बरेच जण विचारतात. एक तर साध्या एचटीटीपीवर ब्राउजर पेजच्या आत लाइव्ह कॅमेरा चालूच करू देत नाही. आणि त्याच वायफायवर ट्रकवाले, दलाल, येणारे-जाणारे सगळे असतात, शेतकऱ्याचा भाव आणि बँक खातं तिथून उघडं फिरता कामा नये, मला तर हेच मोठं कारण वाटतं.

आता सेटिंग. सर्व्हर एकच, त्याला दोन सर्व्हरकनेक्टर (एकेका पोर्टवर येणाऱ्या रिक्वेस्ट घेणारे भाग). पहिला ८०८० वर, त्याच्या एचटीटीपी कॉन्फिगरेशनमधे सिक्युअर स्कीम एचटीटीपीएस आणि सिक्युअर पोर्ट ८४४३ सांगायचा. दुसरा ८४४३ वर, त्यात आधी एसएसएल कनेक्शन फॅक्टरी (एन्क्रिप्शन सांभाळणारी), मग एचटीटीपी कनेक्शन फॅक्टरी, आणि कॉन्फिगरेशन पहिल्याचंच कॉपी करून त्यात सिक्युअर रिक्वेस्ट कस्टमायझर (रिक्वेस्टवर सिक्युअरचा शिक्का मारणारा) घालायचा. हा कस्टमायझर विसरू नका, तो नसला तरी ब्राउजरमधे सगळं सुरक्षितच दिसतं, पण जेट्टी आत ती रिक्वेस्ट सिक्युअर धरत नाही, मग सिक्युअर्ड रीडायरेक्ट हँडलर (साध्या एचटीटीपीची रिक्वेस्ट एचटीटीपीएसकडे वळवणारा) परत एचटीटीपीएसकडे पाठवतो, तिथून परत, असं गोल गोल चालू राहतं. ८०८० चं काम फक्त हा रीडायरेक्ट, डेटा तिथून द्यायचाच नाही. ४४३ साठी लिनक्सवर सहसा रूट (ॲडमिन खातं) किंवा खास परवानगी लागते म्हणून ८४४३ च बरा, जावा रूटने चालवू नका.

खरी गंमत पुढे. मोबाईलवर १९२.१६८ वाला पत्ता टाकला की ४०० एरर, इनव्हॅलिड एसएनआय (एसएनआय म्हणजे कनेक्शन जोडताना ब्राउजर सांगतो ते होस्टचं नाव). जेट्टी १० सर्टिफिकेटमधलं नाव आणि मागितलेलं होस्ट जुळतंय का ते बघतो, नाही जुळलं की सरळ नकार. नेटवर सगळे म्हणतात की हा चेक बंद करा. माझं ठाम मत, करू नका, पत्त्याला नीट नाव द्या. स्वतःच्या डोमेनचं एक सबडोमेन घ्यायचं, लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं सर्टिफिकेट डीएनएस चॅलेंजने (डोमेन आपलंच आहे हे डीएनएसच्या नोंदीतून दाखवून) काढायचं म्हणजे पीसी बाहेरून दिसायची गरजच नाही, ओपनएसएसएलने त्याची पीकेसीएस १२ फाईल करायची (जावा ९ पासून कीस्टोरचा, म्हणजे किल्ली नि सर्टिफिकेट ठेवायच्या फाईलचा, डिफॉल्ट प्रकार तोच आहे), आणि राउटरच्या डीएनएसमधे ते नाव आतल्या आयपीला जोडायचं. मग नेट गेलं तरी काटा चालू राहतो.

हे सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, तेव्हा कीस्टोर स्कॅनर लावूनच टाका. फाईल बदलली की तो नवीन सर्टिफिकेट उचलतो, सर्व्हर बंद करावा लागत नाही, काट्यावर ट्रक लागलेले असताना रीस्टार्टसाठी कोण थांबणार.