स्वखुशीने दिलेले शरीर : ‘शिन कामेन रायडर – प्रोलॉग’विषयी

‘शिन कामेन रायडर – प्रोलॉग’ हा जपानी चित्रपट फेब्रुवारी १९९२ मध्ये चित्रगृहांत न लागता थेट व्हिडिओ कॅसेटवर आला. १९७१ साली सुरू झालेल्या कामेन रायडर (म्हणजे मुखवटाधारी स्वार) या दूरचित्रवाणी मालिकेला वीस वर्षे झाल्याचे निमित्त होते आणि निर्मिती मालिकेच्याच तोएई कंपनीची होती. चित्रपटाची लांबी जेमतेम दीड तास, खर्च बेताचा आणि कथा अर्धवट सुटलेली. तरीही जनुकीय प्रयोगांतून बदललेल्या माणसावरच्या सुपरहिरोपटांत मला हा चित्रपट सर्वांत प्रामाणिक वाटतो. प्रयोगात ज्याचे शरीर वापरले जाते, त्याने ते विश्वासाने आणि आपणहून दिलेले असते, ही गोष्ट या कथेत एका क्षणासाठीही विसरली जात नाही.

मूळ मालिकेशी तुलना केल्यावाचून या बदलाचे मोल कळत नाही. शोतारो इशिनोमोरी यांनी निर्माण केलेला पहिला कामेन रायडर म्हणजे ताकेशी होंगो हा विद्यार्थी. शॉकर ही गुप्त संघटना त्याला पळवून नेते, शस्त्रक्रिया करून त्याला यंत्र आणि नाकतोडा यांचा संकर बनवते, आणि मेंदूवर ताबा मिळवण्याआधीच तो तिच्या तावडीतून निसटतो. त्याच्या कमरेच्या पट्ट्यात पवनचक्की असते, मोटरसायकलच्या वेगाने येणाऱ्या वाऱ्यावर ती फिरते आणि त्याला बळ मिळते. इशिनोमोरींच्या चित्रकथेत होंगो मुखवटा घालतो तो चेहऱ्यावरचे शस्त्रक्रियेचे व्रण झाकण्यासाठी, कारण मन क्षुब्ध झाले की ते व्रण उमटून येतात. दूरचित्रवाणीवर मात्र ही वेदना हळूहळू मागे पडली. हिरोशी फुजिओका हा मुख्य नट चित्रीकरणातच मोटरसायकलच्या अपघातात जखमी झाला, त्यामुळे दुसरा रायडर आणावा लागला. त्याच्याबरोबर रूपांतराची ती प्रसिद्ध पवित्र्याची मुद्रा आली आणि देशभरची मुले ती मुद्रा करून पट्टे बांधू लागली. रूपांतर हा मुलांचा उत्सव झाला. त्या उत्सवाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कारण मालिका ९८ भाग चालली ती त्याच्याच जोरावर. मात्र आपले शरीर आपल्याला न विचारता कुणी बदलले तर काय होते, हा मूळ प्रश्न त्या जल्लोषात दबून गेला, हेही खरे आहे.

१९९२ च्या चित्रपटात तो प्रश्न परत येतो आणि अधिक अवघड होऊन येतो. शिन काझामात्सुरी हा मोटरसायकल शर्यतींत भाग घेणारा तरुण आहे. त्याचे वडील दाइमोन एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहेत. कर्करोग आणि एड्स यांसारख्या आजारांना दाद न देणारे शरीर घडवणे, हे त्या संस्थेचे जाहीर उद्दिष्ट आहे. शिन वडिलांच्या कामासाठी स्वतःहून प्रयोगाला उभा राहतो. संस्थेला पैसा पुरवणाऱ्या गुप्त मंडळाला मात्र औषधात रस नाही, त्याला न थकणारे आणि न मरणारे सैनिक हवे आहेत, आणि ओनिझुका नावाचा तिथलाच शास्त्रज्ञ मानवी जनुकांत नाकतोड्याची जनुके मिसळण्याच्या कल्पनेने झपाटलेला आहे. शहरात माणसे फाडून मारली जाऊ लागतात. शिनला ते खून स्वप्नात दिसतात, मारेकऱ्याच्या नजरेतून दिसतात, आणि हे सर्व आपणच करत आहोत अशी त्याची खात्री होत जाते. खुनी प्रत्यक्षात ओनिझुका असतो. त्याने स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केलेला असतो आणि एकाच प्रकारे बदललेल्या या दोन शरीरांमध्ये मनाचा धागा जुळलेला असतो.

शिनला कुणी पळवून नेत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण चित्रपट या एका गोष्टीवर उभा आहे. होंगो निदान शत्रूकडे बोट दाखवू शकतो, शिनला तीही सोय नाही. त्याने होकार दिला, तो वडिलांच्या शब्दावर दिला आणि आजारी माणसांचे भले होईल म्हणून दिला. त्याला जे सांगितले गेले ते खोटे होते असेही म्हणता येत नाही, कारण ते सत्याचा एक तुकडा होते. वैद्यकीय नीतिशास्त्रात संमती ग्राह्य धरण्यासाठी ती देणाऱ्याला सर्व माहिती दिलेली असावी लागते, आणि त्या माहितीत प्रयोगामागे कोणाचा पैसा आहे व त्यातून कोणाचा फायदा होणार आहे, हेही येते. चित्रपटानंतर सात वर्षांनी, सप्टेंबर १९९९ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जनुकोपचाराच्या चाचणीत एका १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. यकृताचा त्याचा जन्मजात विकार आहार आणि औषधे यांनी आटोक्यात होता, पण याच विकाराने दगावणाऱ्या नवजात बालकांना उपयोग व्हावा म्हणून तो चाचणीत सामील झाला होता. जनुक वाहून नेण्यासाठी वापरलेल्या विषाणूविरुद्ध त्याच्या शरीराने इतकी तीव्र प्रतिक्रिया दिली की चार दिवसांत तो गेला. आधीच्या रुग्णांमध्ये दिसलेले दुष्परिणाम त्याला सांगितलेले नव्हते आणि प्रमुख संशोधकाचे संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंध होते, हे नंतर उघड झाले. शिनची व्यक्तिरेखा मला या घटनेमुळे अधिक खरी वाटू लागली, कारण दोघांच्याही होकारामागे चांगुलपणा होता आणि दोघांनाही पुरती माहिती नव्हती.

जपानी प्रेक्षकाला त्या काळात अशा संस्थेविषयी संशय वाटायला आणखी जवळची कारणे होती. १९८० च्या दशकात उष्णतेने निर्जंतुक न केलेल्या रक्तघटकांच्या औषधांमधून जपानमधील हीमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, हजाराहून अधिक रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली. त्यांनी १९८९ मध्ये ओसाका आणि तोक्यो येथे सरकार व औषध कंपन्यांविरुद्ध दावे दाखल केले, आणि त्यांचा समझोता १९९६ मध्ये झाला. म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा ते दावे न्यायालयात चालू होते. त्या कंपन्यांपैकी एकीच्या संस्थापकांमध्ये युद्धकाळात शिरो इशिई यांच्याबरोबर काम केलेला लष्करी डॉक्टर होता. इशिई म्हणजे हार्बिनजवळ जिवंत माणसांवर जैविक शस्त्रांचे प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीचे प्रमुख. चित्रपटात यातल्या कशाचाही उल्लेख नाही आणि दिग्दर्शकाच्या मनात हे होते असा दावा मी करणार नाही. पण एड्सवर उपाय शोधतो असे सांगणारी प्रयोगशाळा आतून सैनिक घडवते, हे कथानक ज्या समाजात पाहिले गेले, त्या समाजाला ते केवळ कल्पनारंजन वाटले नसणार.

आता रूपाविषयी. शिनला पट्टा नाही, मुखवटा नाही, चमकणारे चिलखत नाही आणि रूपांतराची आरोळीही नाही. जे दिसते ते त्याचे शरीरच आहे : हिरवट, ओलसर कातडी, लाल संयुक्त डोळे, कपाळावरच्या शृंगिका, कीटकासारखा जबडा, हातापायांवर करवतीसारखे काटे. संगणकीय चित्रांचा आधार न घेता हे सारे मुखवटे, पोशाख आणि रंगभूषा यांच्या बळावर साधले आहे. काही चौकटींत रबर रबरासारखेच दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रूपांतर घडताना नटाच्या चेहऱ्यावर आणि अंगात जी कळ दिसते, ती मला गुळगुळीत संगणकीय रूपांतरांमध्ये क्वचितच आढळली आहे. त्याचे शरीर टप्प्याटप्प्याने बदलते आणि प्रत्येक टप्प्यावर त्यात माणूस किती उरला आहे हे आपण शोधत राहतो. कामेन रायडरच्या दुनियेत मुखवटा उतरवला की खालचा तरुण परत मिळतो, ही खात्री इथे काढून घेतलेली आहे.

हिंसेबद्दल स्पष्टच सांगायला हवे. शिन एका यंत्रमानवी सैनिकाचे डोके पाठीच्या कण्यासकट उपटून काढतो, हे दृश्य या चित्रपटाची ओळख बनले आहे, आणि अनेकांनी चित्रपट केवळ त्यासाठीच पाहिला असेल. मला ते दृश्य अनावश्यक वाटत नाही, कारण ज्याला आपण नायक म्हणतो त्याच्या हातून हे घडते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर विजय दिसत नाही. शिवाय त्या लढाईत यंत्राने बनवलेला सैनिक आणि जनुकांनी बनवलेला सैनिक समोरासमोर येतात. १९७१ चा रायडर पहिल्या जातीचा होता. वीस वर्षांत भीती लोखंडाकडून पेशीकडे सरकली, हे त्या झुंजीत शब्दांवाचून दिसते. १९९० मध्ये मानवी जनुकसंचाचा नकाशा तयार करण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प अधिकृतपणे सुरू झाला होता, त्याच वर्षी अमेरिकेत प्रतिकारशक्तीचा जन्मजात अभाव असलेल्या चार वर्षांच्या मुलीवर पहिला मान्यताप्राप्त जनुकोपचार झाला होता, आणि जपानमधील असा पहिला उपचार १९९५ मध्ये होक्काइदो विद्यापीठात व्हायचा होता. चित्रपट नेमका या दोन उपचारांच्या मधला आहे.

विज्ञानाच्या कसोटीवर नाकतोड्याची जनुके टोचून प्रौढ माणसाला शृंगिका फुटणार नाहीत, हे उघड आहे. पण नाकतोड्यांच्याच कुळातील वाळवंटी टोळ खरोखर रूप बदलतो आणि त्यासाठी त्याची जनुके बदलावी लागत नाहीत. एकेकटा राहणारा, भिडस्त टोळ गर्दीत सापडला, इतर टोळांचे पाय त्याच्या मागच्या पायांना सतत लागत राहिले, की अवघ्या काही तासांत त्याचे वागणे बदलते आणि तो थव्याचा होतो. पुढे त्याचा रंग आणि बांधाही बदलतात. या बदलामागे सेरोटोनिन हे रसायन असल्याचे २००९ मध्ये दाखवून देण्यात आले. ओनिझुका आणि शिन यांच्या मनांत आपोआप जुळणारा धागा मला हे वाचल्यावर पटण्याजोगा वाटला. थव्याच्या प्राण्याचा अंश अंगात आला की एकटेपण संपणार, आणि ते संपणे सुखाचे असेलच असे नाही.

चित्रपटाचा सर्वांत धाडसी भाग मात्र आइ आसुका हिच्याशी निगडित आहे. संस्थेत काम करणारी ही तरुणी शिनवर प्रेम करते, तिला दिवस जातात, आणि पोटातल्या गर्भात बापाचे बदललेले जनुक उतरलेले असतात. ती मारली जाते, पण तिच्या उदरातला जीव तग धरून राहतो आणि बापाच्या मनाशी बोलतो. जनुकोपचारात एक महत्त्वाची सीमा मानली जाते : शरीरातील इतर पेशींत केलेला बदल त्या माणसाबरोबर संपतो, बीजपेशींत किंवा भ्रूणात केलेला बदल मात्र पुढच्या पिढ्यांत जातो. शिनने संमती दिली ती फार तर स्वतःपुरती होती, मुलाच्या वतीने ती कोणी दिली? २०१८ मध्ये चीनमधील शेन्झेन येथे ‘हे च्यानक्वेइ’ नावाच्या संशोधकाने मानवी भ्रूणांमधील सीसीआर५ हे जनुक बदलले आणि त्यातून जुळ्या मुली जन्मल्या. उद्देश होता त्यांना एचआयव्हीची लागण होऊ नये हा. पालकांकडून घेतलेल्या संमतीवरही तीव्र आक्षेप घेतले गेले आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्याला तीन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. एड्सपासून मुक्तीचे आश्वासन, बदललेली जनुके आणि ज्याला विचारताच येत नाही असे मूल, हे तिन्ही धागे एका व्हिडिओपटाने २६ वर्षे आधी एकत्र गुंफले होते.

याच कारणामुळे आइच्या बाबतीत चित्रपटाने केलेला अन्याय मला खटकतो. तिच्या शरीरात काय चालले आहे याविषयी तिला स्वतःला काय वाटते, हे ऐकून घ्यायला कथेला सवड नाही. तिचा मृत्यू शिनच्या दुःखाचे कारण म्हणून येतो आणि कथा पुढे निघून जाते. संस्थेच्या मागावर असलेली साराह फुकामाची ही सीआयएची हेर तिच्यापेक्षा अधिक वेळ पडद्यावर आहे, पण त्या हेरगिरीच्या उपकथेतून फारसे काही निष्पन्न होत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात माणसे येतात, गोळ्या झाडतात आणि मरतात. तो वेळ बापलेकाला, म्हणजे दाइमोन आणि शिन यांना, द्यायला हवा होता. ज्याच्या शब्दावर मुलाने शरीर दिले, त्या बापाशी मुलाचा खरा संवाद चित्रपटात जवळजवळ नाहीच, आणि ही उणीव मला रबरी पोशाखापेक्षा कितीतरी मोठी वाटते.

नावातच प्रोलॉग, म्हणजे नांदी, असूनही पुढचा भाग कधीच निघाला नाही. १९९३ मध्ये ‘कामेन रायडर झेडओ’ आणि १९९४ मध्ये ‘कामेन रायडर जे’ हे चित्रपट आले, दोन्ही केइता आमेमिया यांनी दिग्दर्शित केले, दोन्ही देखणे आहेत, पण त्यांनी पुन्हा मुलांच्या बाजूचा, मुखवट्याचा रायडर उभा केला. इशिनोमोरी १९९८ मध्ये वारले आणि २००० साली मालिका दूरचित्रवाणीवर परतली, तेव्हा शिनची कथा कोणी पुढे नेली नाही. २०२३ मध्ये हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेला रायडरपट उच्चाराने सारख्याच नावाचा असला, तरी त्याचा आधार १९७१ ची कथा आहे, त्यामुळे शोधताना वर्ष पाहून घ्यावे. रक्तपात आणि कामुक दृश्ये असल्याने हा चित्रपट मुलांसोबत पाहू नये. आणि ज्यांना मूळ मालिका ठाऊक नाही त्यांनी निदान तिचे पहिले दोन भाग आधी पाहावेत, म्हणजे पळवून नेलेला होंगो आणि होकार देणारा शिन यांच्यातले अंतर डोळ्यांसमोर राहील.