हळदीला सॅफ्रन म्हणतात तिथे

वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला नव्याने राहायला आलेलं मराठी घर पहिल्यांदा फसतं ते बहुतेक हळदीवर. दुकानात पुडीवर ‘सॅफ्रन पावडर’ लिहिलेलं आणि किंमत धन्याजिऱ्याच्या बरोबरीची. एवढं स्वस्त केशर म्हणून दोन पुड्या उचलाव्यात, तर घरी आल्यावर आतून पिवळीधमक हळद निघते. इथे हळदीला सॅफ्रन म्हणायचीच रीत आहे; जुनी माणसं ‘हरदी’ही म्हणतात. त्या दिवशीच्या श्रीखंडाचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

परमुलखात परक्या गोष्टी आडव्या येणार, याची तयारी करूनच माणूस विमानात बसतो. इथली गंमत उलटी आहे. गाड्या डाव्या बाजूने धावतात, मैदानावर क्रिकेट चाललेलं असतं, स्वयंपाकघरात तवा, बेलना, चौकी, लोटा ही नावं ऐकू येतात आणि माणूस गाफील होतो. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ जहाज इथे लागलं आणि तेव्हापासून 1917 पर्यंत उसाच्या मळ्यांसाठी कराराने माणसं येत राहिली. जहाजं सुटायची ती मुख्यतः कलकत्त्याहून, काही मद्रासहून. मुंबईहून नाही. त्यामुळे शब्द आले ते भोजपुरी वळणाचे: आपल्या शेजारघरचे, पण आपले नव्हेत. कढीपत्त्याला मात्र ‘करापुले’ म्हणतात, हे मद्रासच्या जहाजांचं देणं.

‘डाळ’ म्हटलं की इथे वाटाण्याची पिवळी डाळ. तूर आहे, भरपूर आहे, पण ती ओली खायची. कोरड्या दिवसांत, म्हणजे जानेवारीनंतर, बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. सोललेले दाणे तांदूळ, कोंबडी आणि करपवलेल्या साखरेबरोबर शिजले की ‘पेलाऊ’ होतो. तुरीची डाळ हवी तर ती शोधून आणावी लागते. मग रोजच्या वरणाला वाटाणा डाळच घ्यायची, पण तिच्या अटींवर. ती तुरीसारखी विरघळत नाही. तासभर भिजवून कुकरमध्ये पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात, आणि पुडी जुनी असेल तर त्याहून जास्त. शिवाय ती फार फेसाळते. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरला की फेस वर चढून शिट्टीच्या नळीत अडकतो आणि ओट्यावर पिवळा पाऊस पडतो. चमचाभर तेल घालून जागा मोकळी ठेवली की निभतं. शिजल्यावर ती रवीनेच घुसळायची. रवीचं नाव घोटनी.

फोडणीला म्हणतात ‘चुंके’. छौंकचं हे इंग्रजी बोलीत रुळलेलं क्रियापद: डाळ चुंके करायची. पळीला ‘कलछुल’, तीत तेल तापवून लसणाच्या चकत्या टाकायच्या आणि त्या गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या होईपर्यंत थांबायचं. मराठी हात इथे हमखास घाई करतो, कारण आपल्या हिशेबी तो लसूण जळलेला असतो. पण या डाळीची खरी चव त्या कडेवरच असते. मग जिरं, आणि लगेच अख्खी पळी डाळीत बुडवून वर झाकण. मोहरी तडतडायची वाट बघत बसू नये.

मिरचीबाबत मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवूच नये. पिमेंटो नावाची लांबट, सुरकुतलेली मिरची दिसायला जहाल, पण तिला वास आहे, तिखटपणा जवळजवळ नाही. आणि कंदिलासारखी गोल, गोंडस, पिवळीलाल दिसणारी मिरची चिरून गरम तेलात टाकली तर सगळं घर खोकत अंगणात येतं. मोरुगा स्कॉर्पियन ही याच बेटावरच्या मोरुगा गावची. 2012 साली ती जगातली सर्वांत तिखट मिरची ठरली होती. इथल्या बायका ती गोल मिरची देठासकट अख्खी रश्शावर तरंगत ठेवतात आणि डाव जपून फिरवतात. वास उतरतो, जाळ आतच राहतो. फुटली तर मग उपाय नाही. कोथिंबिरीऐवजी ‘शॅडो बेनी’ मिळते: लांब, करवतीच्या दात्यांची पानं, वास कोथिंबिरीचाच पण कितीतरी उग्र. जुडीच्या हिशेबाने घालू नये, तीन-चार पानं पुरतात.

पुरणपोळी येणाऱ्या बाईला दालपुरी जमेल असं सगळ्यांना वाटतं, तिला स्वतःलाही. दोन्हींत डाळ भरलेली असते, एवढंच साम्य. पुरणाची डाळ मऊ शिजवून गुळात आटवायची. दालपुरीची डाळ मऊ झाली की बेत संपला. दाणा बोटांत दाबला तर मोडला पाहिजे, पसरता कामा नये. मग चाळणीवर पूर्ण निथळून, पसरून सुकवून, भाजलेलं जिरं, लसूण, मीठ, मिरचीबरोबर ती कोरडीच वाटायची. मुठीत धरली तर भुरभुरली पाहिजे. ओलसर राहिली तर लाटताना एका जागी गोळा होते आणि तिथेच पारी फाटते. एखादा जाड कण राहिला तरी तो पारीला भोक पाडतोच. पीठ मैद्याचं, किंचित बेकिंग पावडर घातलेलं, पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल. उंड्याला म्हणतात ‘लोया’. भरलेले लोये अर्धा तास झाकून ठेवायचे. न मुरवता लाटले तर पोळी आखडते.

कोरडं वाटायचं म्हणजे भारतातून आणलेला मिक्सर लागणार, आणि इथे घरातल्या साध्या बोर्डाला 115 व्होल्ट, 60 हर्ट्झ; आपल्याकडे 230 आणि 50. पिन बदलून मिक्सर लावला तर तो जळत नाही, नुसता कण्हतो. 750 वॉटच्या मिक्सरला व्होल्टेज वाढवणारा निदान 1500 व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा, कारण सुरू होताना मोटर जास्त प्रवाह ओढते. ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. मिक्सरच्या मोटरला त्याचं सोयरसुतक नसतं, पण दगडी वेट ग्राइंडर साधारण एक पंचमांशाने जोरात फिरू लागतो. इथल्या घरात शेगडी आणि एसीसाठी 230 व्होल्टची जोडणी असते. त्यावरून मिक्सरसाठी वेगळा सॉकेट काढून घेणं शहाणपणाचं, फक्त तो वायरमनकडूनच. आणि इथली इस्त्री सुट्टीत भारतात नेऊ नये.

‘भाजी’ म्हणजे इथे फक्त पालेभाजी. त्यातली ‘डॅशीन बुश भाजी’ हातात घेऊन बघावी: उलट्या बदामासारखं पान, मधोमध जाड शीर, पाण्याचा थेंब घरंगळून जातो. अळू! याच पानांना डाळीचं वाटण लावून, गुंडाळी करून, कापून तळतात आणि त्याला ‘सहीना’ म्हणतात. दिवाळीत घराघरांत ताटातून येतं. अळूवडी समजून तोंडात टाकलं की आधी आंबटगोड शोधत राहावं लागतं. चिंच वाटणात नसतेच. ती शेजारी वाटीत, चटणी होऊन बसलेली असते.